सहा गाण्यांचा एकच कोरस

मी प्ले दाबलं आणि कॉन्फरन्स रूममध्ये सहा गाणी एकदम सुरू झाली.

सहा गायक, सहा ट्रक, सहा कच्चे रस्ते. तरी कुठे गोंगाट नाही. सगळे कोरस एकमेकांत असे बसले होते, की एकच माणूस गातोय असं वाटावं. पाच गाणी सध्याच्या अमेरिकन कंट्री चार्टवरची होती. सहावं आमच्या निनादचं. लोक हसायला लागले. निनादही हसला. आमची बॉस जेराल्डिन मात्र हसली नाही.

“परत लाव,” ती म्हणाली. “फक्त तिसरं आणि निनादचं.”

मी हे का केलं, ते आधी सांगतो.

मी साउंड इंजिनिअर आहे, गाणीही लिहितो. सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातल्या एका छोट्या म्युझिक कंपनीत अकरा वर्षं काम करतोय. अमेरिकेतले पब्लिशर आम्हाला ब्रीफ पाठवतात, म्हणजे कसं गाणं हवं त्याचं वर्णन. आम्ही डेमो करून पाठवतो. डेमो म्हणजे गायकाला ऐकवण्यापुरतं कच्चं रेकॉर्डिंग. गायकाला आवडलं तर गाणं होल्डवर जातं. साखरपुडा झाला, लग्न बाकी, असं समजा.

कंट्री, म्हणजे अमेरिकेतलं गावाकडचं संगीत, हा माझा हळवा कोपरा. माझे वडील मरीन इंजिनिअर होते. जहाज अमेरिकेच्या बंदरात लागलं की ते कॅसेट आणायचे. चिंचवडच्या आमच्या घरात मी इंग्रजी शिकलो ते त्या गाण्यांतून. त्यांत माणसं असायची. कुणीतरी काहीतरी चूक करायचं आणि शेवटच्या कडव्यात त्याची किंमत कळायची. आता ब्रीफ येतं ते असं: ट्रक, चांदणं, थंड बिअर, अनवाणी मुलगी, आणि कोरस चाळीस सेकंदांच्या आत. वाचून माझं डोकं फिरतं.

गेल्या वर्षी अशाच एका ब्रीफवर मी ट्रकऐवजी स्कूल बस घातली. बस चालवणारी एक बाई रोज एका रिकाम्या घरासमोर थांबते, दार उघडते, बंद करते, पुढे जाते. तिसऱ्या कडव्यात कळतं, ते घर तिचंच आहे. या गाण्याला मी पाच महिने दिले.

निनादने त्याच ब्रीफवर फूड कोर्टात जेवता जेवता गाणं लिहिलं. निनाद ठाण्याचा, एकतीस वर्षांचा, आयटी सोडून आमच्याकडे आलेला. मला प्रसाददादा म्हणतो. डेमो माझ्याच हातून मिक्स झाला.

उत्तर आलं. माझ्या गाण्याला: ‘सुंदर. पण गोष्ट फार आहे.’ निनादचं होल्डवर.

मी त्याला मिठी मारली आणि पँट्रीत जाऊन धुतलेला मग परत धुतला.

“तुला कंट्री आवडतं तरी का रे?” मी त्याला विचारलं.

“नाही हो, दादा. त्यांनी मागितलं ते दिलं. तुमचं बसवालं गाणं मात्र मी तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा मला घराचं कळलं.”

“मग?”

“मग काय, त्यांना पहिल्यांदाच कळायला हवं असतं.”

हे तो प्रेमाने बोलला, म्हणून जास्त झोंबलं. त्या आठवड्यात मला त्याचं सगळंच खुपायला लागलं. त्याची शीळ, त्याचे नवे हेडफोन, जेराल्डिनने त्याच्यासाठी आणलेली कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी. मी ठरवलं, हे गाणं म्हणजे नक्कल आहे हे सगळ्यांना ऐकवायचं. पाच हिट गाण्यांचे कोरस घेतले, एका पट्टीत आणि एका लयीत आणले आणि त्याच्या कोरसवर ठेवले. मनात स्वतःला सांगत होतो, हे कंट्रीसाठी आहे.

तर मीटिंगमध्ये मी परत प्ले दाबलं. तिसरं गाणं आणि निनादचं. कोरसच्या शेवटच्या ओळीचे सात स्वर ओळीने तेच. चालीखाली वाजणारे चार कॉर्ड सारखे असले तर कुणी कोर्टात जात नाही. चाल सारखी असली तर जातात.

निनादचा चेहरा उतरला. “मी मुद्दाम नाही केलं.”

“मला माहीत आहे,” जेराल्डिन म्हणाली. “पण आता मला कळलंय, म्हणजे पब्लिशरला सांगावं लागणार.”

तिने त्याच दुपारी सांगितलं. दोन दिवसांत ओळ बदला, नाहीतर होल्ड रद्द, असं उत्तर आलं. निनादचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, पुढच्या महिन्यात संपत होता. ऑफिस त्याच्या रिन्यूअलला हो म्हणणार की नाही, हे याच गाण्यावर होतं. हे मला आधीपासून माहीत होतं. खोटं कशाला सांगू?

जेराल्डिन माझ्या टेबलाशी आली. “प्रसाद, यू फाउंड इट. यू फिक्स इट. कॅन?”

“कॅन,” मी म्हणालो.

दोन दिवस मी आणि निनाद स्टुडिओत बसलो. ओळ वर नेली, खाली आणली, तोडली. प्रत्येक चाल कुठल्या तरी हिट गाण्यासारखी निघत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी निनाद हळूच म्हणाला, “दादा, तुमच्या बसच्या गाण्यात दार बंद होतं, तिथली चाल लावून बघू? एकदाच.”

मी हसून नाही म्हणणार होतो. पण ती पट्टीतही बसली आणि लयीतही. एक स्वर हलवावा लागला नाही. माझेही कॉर्ड तेच चार होते. पाच महिने मी ज्याला वेगळं समजत होतो, ते त्या ढिगात आरामात सामावलं असतं. फक्त माझं मी ढिगात टाकून पाहिलं नव्हतं.

निनादने माझ्याकडे बघायचं टाळलं. पोरगा चांगला आहे.

“घे,” मी म्हणालो.

गाणं रेकॉर्ड झालं, बाहेर आलं, चाललं. गीतकारांत निनादच्या खाली माझं नाव आहे. त्याचा पास रिन्यू झाला. मीटिंगमधल्या त्या सहा गाण्यांबद्दल त्याने आजवर आपणहून एक शब्द काढलेला नाही. मी मात्र एकदा माफी मागितली. “अहो दादा, चूक सापडली ते बरंच झालं,” म्हणाला.

आमच्या क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये माझी मुलगी रेवा ते गाणं गुणगुणते. “बाबा, धिस वन क्वाइट नाइस, लाह!” तिला शब्द आवडतात. शब्द निनादचे. मला अजूनही टोचतं.

बसवाल्या बाईचं गाणं हार्ड डिस्कवर पडून आहे. कुठे पाठवता येत नाही. पाठवलं तर लोक म्हणतील, त्या ट्रकच्या गाण्याची नक्कल आहे.

आजच्या कंट्रीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. ती गाणी एका साच्यातलीच आहेत. पण आता कुणाचं गाणं सारखं वाटलं, तर आधी स्टुडिओचं दार बंद करून त्याच्यावर माझं गाणं लावून बघतो. बहुतेक वेळा मग मीटिंगची गरज पडत नाही.