शेवटच्या वळणावरचे सर

आम्ही तिघं भेटलो की चहा यायच्या आत सर येतात. खरेखुरे नाही हो, किश्शांमधून! जर्मनीत मी डार्मश्टाटला, मंग्या वोल्फ्सबुर्गला गाड्यांच्या कंपनीत, स्वाती ड्रेस्डेनला चिपच्या कारखान्यात. तिघंही पुण्यात एकाच कॉलेजच्या क्रॉस कंट्री टीममध्ये होतो आणि जगदाळे सर आमचे कोच. दर भेटीत तेच किस्से, तरी कोणीतरी एखादा नवा काढतोच. माझी बायको गौरी म्हणते, "सरांनी जेवढी वर्षं नोकरी केली, तेवढी तुम्हाला सांगायलाच लागणार!"

लागू देत की! पण हसून हसून पोट दुखलं की मी दर वेळी एकाच गोष्टीवर येऊन थांबतो. सरांनी मला फिनिश लाइन ओलांडताना कधी पाहिलंच नाही. एकदाही नाही.

* * *

पहिल्या दिवशी मी ट्रॅक पँटच्या खिशात होस्टेलच्या किल्ल्या घेऊन पळालो. मंग्याच्या गळ्यात आजीने दिलेली चांदीची साखळी. सरांनी दोन पावलांत शिट्टी मारली.

"काय रे, आज बैलपोळा आहे का?"

सगळे हसले. सर नाही हसले. "पळताना स्वतःचा श्वास ऐकू आला पाहिजे. बाकी काहीही वाजता कामा नये." तेव्हापासून टेकडीच्या पायथ्याच्या बाभळीवर आमच्या किल्ल्या, साखळ्या, स्वातीच्या बांगड्या असं सगळं लटकलेलं असायचं. येणारे-जाणारे नवसाचं झाड समजून नमस्कार करायचे!

* * *

शर्यतीच्या दिवशी बाकीच्या कॉलेजांचे कोच फिनिशला उभे. हातात स्टॉपवॉच, डोक्यावर टोपी, शेजारी प्राचार्य. आमचे सर शेवटच्या वळणावर, एकटे.

मी एकदा विचारलं, "सर, तुम्ही फिनिशला का येत नाही?"

"तिथे टाळ्या वाजवायला ढीगभर लोक असतात. इथे कुत्रं नसतं. आणि पोरं सोडतात ती इथेच."

तिथून प्रत्येकाला ते एकच ओरडायचे, "पुढे कोणी नाही, पळ!"

प्रत्येकाला म्हणजे प्रत्येकाला! एकदा मंग्या जवळजवळ सगळ्यांच्या मागे होता. त्यालाही तेच. मंग्या तिथेच थांबून धापा टाकत म्हणाला, "सर, पुढे सगळं विद्यापीठ आहे!"

"तुला दिसतंय का कोणी?"

"वळणापलीकडे गेले ना सर सगळे."

"मग? पळ!"

* * *

स्वातीचे बाबा एका सकाळी तिला घरी न्यायला थेट मैदानावर आले. चेहरा लाल. "मुलीच्या जातीने चड्डी घालून पळायचं? आणि यातून मिळणार काय?"

सर म्हणाले, "ते बोलू आपण. तेवढी ही पाण्याची बाटली धरा. ती टेकडीवरून उतरली की द्या तिला, माझे दोन्ही हात अडकलेत."

बाबांनी बाटली धरली. स्वाती उतरली, प्यायली, परत वर गेली. बाबा बाटली धरून उभेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, "बघायला."

पुढच्या महिन्यात स्वाती तापाने घरी पडून होती. बाबा मात्र वेळेवर मैदानात हजर, हातात बाटली! "आज दुसऱ्या कोणाला द्यायची असेल तर..."

स्वाती हा किस्सा सांगायला घेते आणि शेवटी नेहमी खिडकीकडे बघते. बाबा आता नाहीत. मग मंग्या उगाच म्हणतो, "चहा गार झाला गं."

* * *

शेवटच्या वर्षी मी विद्यापीठात पहिला आलो. वळणावर सरांनी ओरडून सांगितलं, "पुढे कोणी नाही, पळ!" आयुष्यात पहिल्यांदा ते खरं होतं!

फिनिशला हार, फोटो, प्राचार्यांची मिठी. मी मान उंच करकरून सरांना शोधत होतो. बक्षीस समारंभ संपत आला तेव्हा ते आले, आमच्या टीमच्या शेवटच्या पोराला खांद्याचा आधार देत. त्याचे बूट सरांच्या हातात.

"कितवा आलास?"

"पहिला, सर."

"मग रडतोस काय? स्ट्रेचिंग कर."

* * *

इथे आल्यापासून दर दिवाळीला फोन. "सर, या ना इकडे. तिकीट आम्ही काढतो." उत्तर ठरलेलं, "आत्ता कसं येणार? सीझन आहे!" रिटायर झाले तरी सीझन होताच. मानधन नाही, पद नाही, तरी पहाटे टेकडीवर.

आणि मी इथल्या जंगलात एकटा पळायचो. नोव्हेंबरात चार वाजताच अंधारून येतं, पायाखाली ओला पाला, शेजारून जाणाऱ्यांच्या कानात इअरफोन. मी घराची किल्ली अजूनही बाहेर कुंडीखाली ठेवतो. गौरी चिडते, "चोराला आमंत्रण!" तिला काय सांगू? घराकडे वळायच्या आधी शेवटचं वळण येतं आणि दर वेळी नजर कडेला जाते. कोणी नसतं. फार आठवण येते हो.

* * *

मग सरांचा गुडघा गेला, टेकडीवर नवा कोच आला आणि एके दिवशी सरांचाच फोन, "अभ्या, तिकीट काढ."

इथे सर खूश! पहिल्याच दिवशी सिग्नलला रस्ता रिकामा, एक गाडी नाही, तरी सगळे लाल दिव्यापुढे थांबलेले. सर काठी टेकून बघत राहिले. "काय शिस्त आहे! एकाचाही फॉल्स स्टार्ट नाही!"

माझी मुलगी मीरा मराठी समजते पण उत्तर जर्मनमध्ये देते. सर म्हणायचे, "पाठ सरळ." ती म्हणायची, "या, गेनाऊ!" म्हणजे हो, अगदी बरोबर. दोघांचं माझ्यापेक्षा बरं चाललं होतं.

* * *

सर असतानाच आमच्या इथल्या फेराइनची, म्हणजे क्लबची, जंगलातली शर्यत आली. मी ठरवलं, आता नाही तर कधीच नाही. फिनिश लाइनला लागून खुर्ची मांडली. सरांना बसवलं, अंगावर ब्लँकेट, हातात केक. मंग्या खास वोल्फ्सबुर्गहून आला होता. त्याला बजावलं, "सर इथून हलता कामा नयेत!"

"बरं बरं, तू पळ रे. मी आहे ना!"

पळालो. शेवटच्या वळणावर आलो, तर कडेला कोणी नाही! म्हणजे सर फिनिशला आहेत! अंगात काय आलं कोण जाणे, पोरासारखा सुटलो. लाइन ओलांडली, कोणीतरी गळ्यात मेडल घातलं, वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी. शेजारी मंग्या, दोन्ही हातांत कॉफीचे कप.

"अरे, कॉफी आण म्हणाले... आत्ता तर इथे होते!"

काठीही नव्हती. मी तसाच जंगलातून मागे चालत निघालो. झाडांआडून सर दिसले. वळणावर, काठीवर रेलून. त्या गुडघ्याने तिथवर पोचेपर्यंत मी पुढे निघून गेलो असणार. दोन जर्मन आज्या सगळ्यांत शेवटी दुडक्या चालीने येत होत्या. सर ओरडले, "पुढे कोणी नाही, पळ!" आज्यांनी हात हलवून आभार मानले, "डांके!"

त्यांच्या मागे कोणीच नव्हतं. केशरी जाकिटातला स्वयंसेवक फिती गुंडाळत आला आणि सरांना इंग्रजीत समजावू लागला, संपलं, सगळे गेले.

सर जागचे हलले नाहीत. "नो, नो. माय बॉय इज कमिंग."

मी पुढे जाऊन सांगू शकलो असतो. नाही सांगितलं. झाडांमागून लांबचा वळसा घातला, वळणाच्या अलीकडे मार्गावर उतरलो आणि पळत सुटलो.

सरांनी काठी वर केली. "अभ्या! पुढे कोणी नाही, पळ!"

मी जीव खाऊन पळालो. मागून पुन्हा आवाज आला, "आणि ते मेडल आत घाल, वाजतंय!"