बसलेल्यांचा गणपती

भागीरथीने आयुष्यातला पहिला डोळा काढला तो नारळाच्या करवंटीवर, आणि तो इतका वाईट निघाला की तिने स्वतःच त्याला एक शिवी हासडली.

तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची होती. मांद्र्याला लग्न होऊन आल्याला तीस वर्षं झालेली, आणि ती तीसही वर्षं तिने चित्रशाळेत राबून काढलेली. गोव्यात गणपती घडतात त्या जागेला चित्रशाळा म्हणतात. पावसाळ्यात घरोघरचे पाट तिथे येऊन पडतात, ज्याच्या त्याच्या पाटावर ज्याचा त्याचा गणपती घडतो आणि चवथीला घरी जातो. माती मळायची भागीरथीने, त्यातले खडे वेचायचे भागीरथीने, सुकलेली मूर्ती पॉलिश पेपरने घासायची तिने, पीतांबर रंगवायचा तिने. मग शेवटी तिचा नवरा गोकुळदास आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून यायचा, बारीक ब्रशाने दोन डोळे काढायचा, आणि अख्खा गाव म्हणायचा, गोकुळदासाचा गणपती! डोळ्यांच्या या कामाला आखणी म्हणतात. ती बायकांनी करायची नसते. असं कोणी ठरवलं ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पाठ मात्र सगळ्यांना होतं.

त्याआधी दोन वर्षांपासून गोकुळदासाचा हात कापायला लागला होता. पहिल्या वर्षी त्याने ते लपवलं. दुसऱ्या वर्षी एका गणपतीची भुवई पार कपाळात शिरली, तेव्हा लपवण्यासारखं काही उरलं नाही. डॉक्टरने गोळ्या दिल्या, पण हात काही ऐकेना. ती चवथ कशीबशी पार पडली आणि गोकुळदास जेवता जेवता म्हणाला, "पुढल्या वर्सापासून पाट घेवचे नाय. चित्रशाळा बंद."

"डोळे मी काढतंय," भागीरथी म्हणाली.

"बायल माणसान आखणी केल्ली कोणी बघल्यान हा?"

"कोणी बघूक नाय म्हणान मी करूची नाय?"

"माझो बापूस सांगी..."

"तुमचो बापूस चित्रशाळेत लाईट पण घेव नको सांगी. आता पंखो कोणाच्या डोक्यार फिरता?"

गोकुळदासाने भात संपवला आणि हात धुवायला उठला. त्याला वाटलं, दोन दिवसांचं खूळ आहे.

खूळ अकरा महिने टिकलं. कागदावर सराव करून उपयोग नाही हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं. कागद सपाट, गणपतीचा गाल गोल, आणि कागदावरची सरळ रेघ गालावर गेली की वाकडी होते. म्हणून तिने करवंट्या घासून गुळगुळीत केल्या, त्यांना पांढरा रंग दिला, आणि रोज दुपारी नवरा घोरायला लागला की डोळे काढायला बसू लागली. काढायचे, ओल्या फडक्याने पुसायचे, पुन्हा काढायचे. तिचा डावा डोळा झोपाळू निघायचा आणि उजवा रागावलेला. मग तिने जो डोळा जड जातो तोच आधी काढायचा, असं ठरवलं. करंगळी गालावर टेकवली, रेघ बोटांनी न ओढता कोपरापासून ओढली, आणि रेघ संपेपर्यंत श्वास सोडला नाही. पेडण्याच्या बसमध्ये ती माणसांच्या डोळ्यांत टक लावून बघायची. एकदा एका बाईने विचारलंच, "काय गे, वळख आसा?" ओळख नव्हती, पण बुबुळ पूर्ण गोल दिसतं ते फक्त घाबरलेल्या माणसाचं, एवढं तिला त्या बसमध्ये कळलं. शाळेत जाऊन चित्रकला शिकणाऱ्यांना हे कदाचित पहिल्या वर्षी सांगत असतील. हिला सांगायला कोण होतं?

गोकुळदास आधी तिकडे फिरकायचा नाही. मग एकदा जाता जाता म्हणाला, "शेपूट लांब झाली." डोळ्याच्या कडेच्या रेघेबद्दल बोलत होता. तिने शेपूट आखूड केली. फेब्रुवारीपर्यंत तिची करवंटी कोणती आणि त्याच्या हाताने काढलेली जुनी कोणती, हे त्यालाही सांगता येईना. आता झालं, असं तिला वाटलं.

झालं नव्हतं. एका सकाळी तिने सगळ्यात चांगली करवंटी जनेलावर, म्हणजे खिडकीच्या फळीवर, ठेवली आणि खाली जमिनीवर तांदूळ निवडायला बसली. मान वर केली तर डोळे तिच्या डोक्यावरून थेट दाराकडे बघत होते. जनेल उंचावर आणि ती खाली, त्यात डोळ्यांचा काय दोष, म्हणून तिने ते सोडून दिलं असतं. पण तिला तीस चवथी आठवल्या. चित्रशाळेत मूर्ती जमिनीवर असते. आखणी करणारा तिच्यासमोर नाकाला नाक लावून बसतो आणि डोळे सरळ काढतो. घरी गणपती चढतो उंच मेजावर, वर टांगलेल्या माटोळीच्या फळाफुलांखाली. पुरुष आरतीला उभे राहतात, त्यांची आणि देवाची नजर बरोबर भिडते. खाली बसून वाती वळणारीला, दुर्वांच्या जुड्या बांधणारीला मात्र फक्त सोंड दिसते. तीस वर्षं तो तिच्याकडे बघतच नव्हता! तिला इतका राग आला की तांदळाचं सूप बाजूला सारून ती उठली.

बुबुळ तांदळाच्या दाण्याइतकं खाली आणायचं, एवढंच काम होतं. पण बुबुळ खाली आणलं की गणपती पेंगतो, पापणी वर नेली की बावरतो. सहा महिने गेले त्यात. जमलं तेव्हा तिने नवऱ्याला जमिनीवर बसवून दाखवलं. त्याने एकदा बसून आणि एकदा उभं राहून बघितलं.

"लोक घेवचे नाय," म्हणाला.

"मगे रिकामो पाट घेवन जातले."

त्या वर्षी चाळीस पाटांवरची आखणी भागीरथीने केली. बहुतेकांनी मुकुट बघितला, सोंड बघितली आणि गणपती घेऊन गेले. चवथीला दोन दिवस असताना केरीचे बाबुराव टेम्पो घेऊन आले, सोबत त्यांची बायको देवकी. तीन पिढ्या त्यांचा पाट याच चित्रशाळेत येत होता. बाबुराव मूर्तीसमोर उकिडवे बसले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"गोकुळदास, ह्याचे डोळे खाली गेलेत."

"आखणी हिची," गोकुळदास म्हणाला.

"तरीच!" बाबुराव म्हणाले. "पुसून काढ आणि तुझ्या हातान सरळ कर."

त्या 'तरीच'ने भागीरथीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने हात पुसले आणि ती मूर्तीच्या आणि बाबुरावांच्या मधे येऊन उभी राहिली.

"पाट तुमचो, गणपती तुमचो. डोळे पुसूचे नाय."

"वैनी, चवथ तोंडार इली..."

"म्हणानच सांगतंय." ती नवऱ्याकडे वळली. "धरा."

गोकुळदास क्षणभर जागचा हलला नाही. त्या क्षणात भागीरथीचं सगळं वर्ष अडकलं होतं. मग त्याने कापणारे हात पाटाखाली घातले, आणि दोघांनी मिळून गणपती चित्रशाळेतल्या उंच मेजावर ठेवला.

"आता बसा," ती बाबुरावांना म्हणाली. ते कदेल शोधू लागले. "खुर्चेर नाय. जमनीर."

"माझे गुडघे दुखतत," बाबुराव म्हणाले आणि उभेच राहिले.

देवकी बसली. पदर सावरून तिने वर बघितलं आणि बघतच राहिली. तिचे हात आपोआप जोडले गेले.

"अगे बाय," ती हळूच म्हणाली, "हो माका बघता."

"आमच्याकडे तीन पिढ्यो गणपती सरळ बघता!" बाबुराव तडकले.

"तीन पिढ्यो तुमी उबे रवलात," देवकी बसल्या जागेवरून म्हणाली. "खाली आमी आसलो. हो गणपती घरी येतलो, ह्याच डोळ्यांनी."

बाबुरावांनी एकदा तिच्याकडे आणि एकदा गणपतीकडे बघितलं. मग टेम्पोवाल्याला हाक मारली. मूर्ती टेम्पोत चढली, देवकी तिच्या शेजारी बसली, तेव्हा जाता जाता त्यांनी गोकुळदासाला बजावलं, "ह्या वर्सा घेवन जातंय. पुढल्या वर्सा आखणी तुझ्याच हातची होयी."

"माझ्या हातची होयी तर माका आधी हिच्याकडे शिकूक लागतलां," गोकुळदास म्हणाला. "आणि ती शिकवतली काय नाय, ता मी अजून तिका विचारूक नाय."