कुरी किती गोल झालाय!

बसा, चहा गार होईल. पण आधी एक अट. मी सांगतोय ते ऐकून हसलात तरी चालेल, फक्त आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर हा विषय पुन्हा काढायचा नाही. जपानात येऊन मला अकरा वर्षं झाली. ह्या अकरा वर्षांत मी चुकीच्या ट्रेनमध्ये बसलोय, चुकीच्या दिवशी कचरा टाकून शेजारच्या आजींची बोलणी खाल्लीयेत. पण अशी फजिती? छे!

सुरुवात झाली ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत. माझ्या शेजारच्या टेबलावर ओकाबे-सान बसायचे, अगदी देवमाणूस. त्यांची बदली झाली सेंदाईला. एकटेच जाणार, कंपनीच्या वसतिगृहात राहणार, आणि तिथे प्राणी चालत नाहीत. त्यांच्याकडे होता एक बॉल पायथन. म्हणजे जात अजगराचीच, पण आकार बेताचा, चार फुटांचा. रंग तपकिरी म्हणून नाव कुरी. कुरी म्हणजे जपानीत चेस्टनट.

आता हा कुरी महा तिरसट. आधीच्या मालकाने त्याला खेचून, ओढून, पार्ट्यांमध्ये मिरवून हैराण केलं होतं. त्यामुळे कोणी जवळ गेलं की फुत्कार, आणि हात दिसला की झडप.

"पारान-सान," ओकाबे-सान मला म्हणाले. परांजपे हे आडनाव इथे कोणाच्या तोंडात पूर्ण मावत नाही. "भारतात लोकांना सापांची सवय असते ना?"

मी वाढलो कर्वेनगरात, तिसऱ्या मजल्यावर. साप पाहिला तो शाळेच्या सहलीत, जाड काचेपलीकडे, तोही सरांच्या मागे उभं राहून. खरं उत्तर 'नाही' असंच होतं. पण चार जपानी चेहरे कौतुकाने आपल्याकडे बघत असताना 'नाही' म्हणेल तो पुणेकर कसला?

"सवय?" मी म्हणालो. "अहो, आमच्याकडे सापाची पूजा करतात!"

झालं! दोन महिने कुरी आमच्याकडे राहणार असं ठरलं. तेवढ्यात तो माणसाळला तर कायमचा आमचा. नाही माणसाळला, तर ओकाबे-सान येऊन त्याला एका ब्रीडरकडे नेणार.

घरी बायकोने, म्हणजे मुक्ताने, कुरीच्या काचेच्या पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"हा खातो काय?"

"आठवड्याला एक उंदीर. फ्रोझन मिळतो."

"फ्रोझन म्हणजे कुठे ठेवणार? माझ्या फ्रीझरमध्ये? खोवलेल्या नारळाशेजारी?"

मी काही बोलणार, इतक्यात आमची रेवा आली. वय वर्षं बारा. घरात आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने जपानीत एका शब्दात उत्तर द्यायचं, असा आमचा गेल्या दोन वर्षांचा करार. ती काचेसमोर गुडघ्यावर बसली. कुरीने फुत्कार टाकला. ही हललीसुद्धा नाही.

"बाबा, हा आपल्याकडेच राहील ना? कायमचा?"

ऐकलंत? अख्खं मराठी वाक्य, आणि तेही बाबांना उद्देशून! मी तिथल्या तिथे वचन देऊन टाकलं. बारा वर्षांची मुलगी आपल्याकडे काहीतरी मागते, हे सुख किती दिवस टिकतं हे मुलीवाल्या बापांना मी सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मी पेटी उघडली आणि वरून हात घातला. पुढचं सेकंदाच्या आत घडलं. अंगठ्यावर टाचण्या टोचल्यासारखे सहा ठिपके उठले, आणि मी वाळत घातलेल्या कपड्यांच्या स्टँडसकट जमिनीवर.

"पूजा करा आता!" मुक्ता स्वयंपाकघरातून म्हणाली.

पण हार मानेल तो परांजपे नव्हे. शांतपणे हाताळलं की साप विश्वास टाकतो, असं मी एका व्हिडिओत ऐकलं होतं. उरलेला व्हिडिओ पाहायचा मी कंटाळा केला. मी बागकामाचे हातमोजे चढवले, कुरीला सरळ उचललं, मांडीवर घेतलं आणि गोड आवाजात बोलायला लागलो, "अरे माझ्या राजा, घाबरतोस काय?" आणि काय चमत्कार! कुरीने अंगाचे वेटोळे करून घट्ट गोळा केला, डोकं आत लपवलं आणि गप्प पडून राहिला. फुत्कार नाही, झडप नाही.

झोपला हो! माझ्या मांडीवर बाळ झोपलं!

मी लगेच फोटो काढून ओकाबे-सानना पाठवला. मला वाचता यावं म्हणून सोप्या लिपीत उत्तर आलं, "गोल झालाय, नाही का?"

कौतुकच की! मी उत्साहाने रोज संध्याकाळी तासभर त्याला मांडीवर घ्यायला लागलो आणि रोज फोटो पाठवायला लागलो. ओकाबे-सानही न चुकता उत्तर द्यायचे. "आजही छान गोल झालाय." "आज तर फारच गोल झालाय, नाही का?" "एवढा वेळ धरून तुमचे हात दुखत नाहीत ना?" "कुरीला त्याची पेटीही आवडत असेल, असं वाटतं."

केवढी ही आपुलकी! माझ्या हातांचीसुद्धा काळजी!

रेवा मध्ये मध्ये यायची. "बाबा, आनो ने... ऐका ना, मला वाटतं..."

"श्श! झोपलाय तो. मोठ्याने बोलू नकोस."

तीन आठवड्यांत माझी कीर्ती आमच्या वस्तीतल्या, फुनाबोरीच्या, मराठी घराघरांत पोचली. ग्रुपवर मी लिहिलं, 'संयम, स्पर्श आणि संवाद. प्राणी प्रेमाला ओळखतो.' चव्वेचाळीस अंगठे आले! शेवटी एका रविवारी नऊ-दहा मंडळी मुलांना घेऊन आमच्याकडे प्रात्यक्षिक बघायला आली. मुक्ताने पोहे केले. मी कुर्ता घातला.

हॉलच्या मधोमध खुर्ची टाकून मी बसलो, मांडीवर कुरीचा गोळा. "बघा," मी म्हणालो, "सुरुवातीला हा मला चावला होता. आज बघा कसा निवांत झोपलाय. ह्याला म्हणतात विश्वास!"

टाळ्या पडल्या. आणि टाळ्या थांबल्यावर कोपऱ्यातून रेवाचा आवाज आला.

"बाबा, तो झोपलेला नाहीये. तो खूप घाबरलाय."

"काहीतरीच काय!"

"बॉल पायथन घाबरला की बॉल करतो. डोकं मध्ये लपवतो. म्हणून तर त्याचं नाव बॉल पायथन. लायब्ररीच्या पुस्तकात पहिल्याच पानावर आहे."

अहो, जातीच्या नावातच लिहिलेलं होतं! आणि मी चौदा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेला माणूस!

"पण ओकाबे-सान तर..." मी फोन पुढे केला.

रेवाने सगळे मेसेज वाचले. तिचा चेहरा ओकाबे-सानइतकाच सभ्य झाला होता. "बाबा, ते रोज तुम्हाला सांगतायत की त्याला खाली ठेवा."

म्हणजे तीन आठवडे तो भला माणूस सेंदाईहून कळवळून सांगत होता, आणि मी त्याचं सर्टिफिकेट करून ग्रुपवर टाकत होतो. जपानी माणूस 'नाही' म्हणत नाही, हे मी नव्याने आलेल्या पोरांना ऑफिसात स्वतः शिकवतो! पोहे कोणी संपवले मला आठवत नाही. मी मात्र आत जाऊन कुर्ता बदलला.

खरं सांगू? लाजेपेक्षा वाईट जास्त वाटलं. तो बिचारा रोज तासभर जीव मुठीत धरून माझ्या मांडीवर बसत होता, आणि मी त्याला अंगाई म्हणत होतो.

त्या दिवसापासून रेवा गुरू आणि मी शिष्य. आठवडाभर पेटीला हातसुद्धा लावायचा नाही, नुसतं शेजारी बसायचं. मोबाइल नाही, बडबड नाही. ही दुसरी अट मला किती जड गेली ते मुक्ताला विचारा. मग पेटीत हात नुसता टेकवून ठेवायचा, बाजूने, वरून कधीच नाही, कारण वरून झडप घालते ती घार, असं सापाला वाटतं. फुत्कारला तरी हात झटकन मागे घ्यायचा नाही. जेवल्यावर दोन दिवस त्याच्या वाटेला जायचं नाही. आणि हातमोजे? ते गेले बाल्कनीत.

आम्ही बापलेक रोज पंधरा मिनिटं जमिनीवर बसायला लागलो. पहिल्या दिवशी फुत्कार. चौथ्या दिवशी लहान फुत्कार. दहाव्या दिवशी कुरीने माझ्या बोटाला जीभ लावली, विचार केला आणि निघून गेला. आम्ही दोघांनी ओरडायचं नाही म्हणून एकमेकांचे हात आवळले. मग एके दिवशी तो आपला आपण बाहेर आला, माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत चढला आणि थांबला. सैल, लांब, निवांत. गोल नव्हे!

तुम्हाला सांगतो, मला बढती मिळाली तेव्हाही एवढा अभिमान वाटला नव्हता.

दोन महिने पुरे झाले आणि शनिवारी ओकाबे-सान आले. रेवाने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी जमिनीवर बसलो, हात बाजूने पुढे केला. कुरीने बराच वेळ घेतला. मग आला, दंडावरून खांद्यावर गेला आणि तिथे मान टेकवून स्वस्थ पडला. ओकाबे-सानचे डोळे भरून आले.

"पारान-सान, कुरी आता तुमचाच," ते म्हणाले. रेवाने मला मिठी मारली, सापासकट!

माझी छाती अशी फुगली की कुर्ता पुन्हा घालावासा वाटला. ओकाबे-सान पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि फ्रिजपाशी थबकले. तिथे रेवाने एक कागद लावला होता, सगळा जपानीत. ती कांजी, म्हणजे चिनी वळणाची अवघड अक्षरं, काही मला वाचता येत नाहीत. पण एवढं माहीत होतं की पोरीने कुरीची नियमावली लिहिलीय.

"वाचा ना मोठ्याने!" मी म्हणालो. ऐकलेलं मला सगळं कळतं. "माझ्या मुलीचं काम आहे!"

"बाबा, नको!" रेवा धावत आली.

"अगं, लाजतेस काय? वाचा, ओकाबे-सान!"

ते वाचू लागले. "एक. अचानक समोर जाऊ नये."

"बरोब्बर!" मी म्हणालो.

"दोन. मोठा आवाज केला तरी घाबरू नये. आपण शांत राहिलं की आवाज आपोआप थांबतो."

"वा! हाच तो मुद्दा!"

"तीन. घरी आल्यावर पंधरा मिनिटं काहीही विचारू नये. चार. क्रिकेटची मॅच हरल्यावर दोन दिवस..." ओकाबे-सान अडखळले.

"क्रिकेट?" मी म्हणालो.

त्यांनी कागदाच्या वरची मोठी अक्षरं वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि अत्यंत सभ्यपणे नजर खाली नेली. "वरती... बाबांना कसं हाताळावं, असं लिहिलंय."

मुक्ता ओट्याकडे तोंड करून हसत होती, तिचे खांदे हलत होते. रेवा लालेलाल.

"शेवटचा नियमही वाचून टाका," मी म्हणालो. आता काय राहिलं होतं!

"पाच. चिडतात तेव्हा खरं तर घाबरलेले असतात. रोज थोडा वेळ नुसतं शेजारी बसावं."

ओकाबे-सान तर कागदापुढे चक्क वाकले. पोरीच्या हुशारीचा अभिमान वाटून घ्यावा की स्वतःची लाज, ते ठरवेपर्यंत मुक्ताने डोळे पुसत चहा पुढे केला.

"फार गुणाचे नियम आहेत हं, ओकाबे-सान," ती म्हणाली. "महिना झाला आम्ही पाळतोय. अजून एकदाही चावला नाही."