तारेची कल्हई

"आवं हाजी, कानातल्या तारंला कल्हई असती व्हय कुठं?"

"असती! बाई, तुमीच सांगा हिला."

डॉक्टरीणबाई गोलनार हसल्या. समोर बसला होता इस्फहानच्या तांबट बाजारातला उस्ता, म्हणजे मुरलेला कारागीर, हाजी नस्रुल्ला आणि त्याला लागून त्याची बायको तूबा. "हाजींचं फार चुकत नाही," बाई म्हणाल्या. "फक्त ही कल्हई मऊ आहे. बिहीदाणा भिजवला की बुळबुळीत गर सुटतो ना, तशी. त्यात औषध मुरवलंय. ते हळूहळू झिरपतं, म्हणून तारेभोवतीचं मांस राठ होत नाही."

उस्ताला हे पटलं होतं. बिनकल्हईच्या तांब्यात अन्न कळकतं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. जन्मभर हातोडे ऐकून दोन्ही कान बसले, तेव्हा डाव्या कानात पहिली तार घातली. ती उघडी, बिनकल्हईची होती. काही महिने आवाज आले, मग तारेभोवती मांस धरलं आणि जग पुन्हा गोधडीखाली गेलं. उस्ताच्या दुकानात मोठ्या कढईवर तिघं मिळून आळीपाळीनं ठोका टाकतात. एकाचा ताल चुकला की दुसऱ्याचं बोट गेलंच. बहिऱ्याला तिथं कोण बसवणार? तेव्हापासून उस्ता कोपऱ्यात बसून वाळूनं भांडी घाशी. उजव्या कानातली ही नवी तार टिकली, तरच त्याचा हातोडा त्याला परत मिळणार होता.

"तार स्वच्छ आहे," बाई म्हणाल्या. "जा कामावर. कानामागच्या यंत्राचा आवाज तेवढा बारीक ठेवा. कानाला जपा."

उस्तानं गझ मिठाईचा डबा त्यांच्यापुढं सरकवला. "तुमचा हात कदी दुखू नये, बाई." इस्फहानात आभार असेच मानतात. पण हातानंच पोट भरणारा माणूस ते म्हणतो, तेव्हा त्याला वजन असतं.

बाजाराच्या तोंडाशी तूबा रोटीच्या रांगेत थांबली. उस्ताला कुठला धीर! तो एकटाच तांबटांच्या गल्लीत शिरला.

आत सगळे कामाला लागलेले. दुकानांच्या अंधारात हातोडे वर जात होते, खाली येत होते. उस्ताच्या दुकानातले फराज, हश्मत, सगळे मान घालून बसलेले. आणि आवाज? काही नाही. नुसतं थप थप, तेही लांबून आल्यासारखं.

 उस्तानं कानामागचं यंत्र चाचपलं, आवाज वाढवला. थप थप. पहिली तारही अशीच गेली होती, बरी बरी म्हणता म्हणता. तो दुकानाच्या पायरीवर खाली बसला. बाईंना आता काय तोंड दाखवायचं, एवढंच त्याच्या मनात आलं. त्यांनी एवढं जीव लावून केलं होतं.

"आरं फराज, मुडद्या! ह्ये काय मांडलंय?"

उस्ता दचकला. बायकोची शिवी अक्षर न् अक्षर ऐकू आली होती.

तूबा रोटी काखेत मारून उभी होती. "ऐरनीवर लोकरीचा नमदा घालून काय कुटतोस? गादी भरतोस का?"

फराज ओशाळला. "चाची, तुमीच तर काल सांगितलं, उस्ताचा कान जपा म्हनून. म्हनून सगळ्या गल्लीला नमदं घालाय लावलं. हात थांबवलं असतं तर त्यांना वाटलं असतं, आपल्यापायी काम बंद पाडलं."

"आन् हितं मानूस जित्ता मेला की रं!"

उस्ता पायरीवरच हसायला लागला. हसता हसता डोळे पुसले. माझ्या कानापायी सबंध गल्ली सकाळपासनं लोकर कुटत बसली! "तुमचे हात दुखू नयेत रं पोरांनो," तो म्हणाला. "काढा त्ये नमदं."

"आन् कान?" फराजनं विचारलं.

उस्तानं यंत्राचा आवाज खाली आणला. "आवाज बारीक केलाय. तार कल्हईची हाय माजी. मारा."

नमदे निघाले. एका दुकानातून ठणठणाट उठला, मग दुसऱ्यातून, मग सगळी गल्ली वाजायला लागली. आवाज पहिल्यासारखा नव्हता, पत्र्यावर हरभरे ओतावेत तसा होता. पण एकेक ठोका सुटा कळत होता. उस्ता कढईशेजारी मान तिरकी करून उभा राहिला. तिघांचं चाललं होतं. त्यानं थोडा वेळ ऐकलं आणि हश्मतच्या खांद्याला धरलं.

"सरक. मागं पडतोयस लेका."

हश्मत उठला. उस्ता त्याच्या जागी मांडी घालून बसला, हातोड्याचा दांडा तळव्यात फिरवून बघितला, आणि फराजच्या ठोक्यामागं आपला ठोका टाकला.