मिस क्रॅडक यांचा फेरा

मिस क्रॅडक यांनी आयुष्यभर पुस्तकांची गाडी चालवली. आमच्या लँगस्टो गावाच्या ग्रंथालयाची. सकाळी बाजारचौकातून निघायचं, टेकडीमागच्या वाड्या घ्यायच्या, दिवेलागणीला परत यायचं. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "तेवढं थांबायला वेळ कुणाला होता?"

त्या गाडीच्या पायरीवर बसून मी वाचायला लागले. साहित्याची पदवी घेऊन गावी परतले तेव्हा ग्रंथालयाची गाडी बंद झाली होती आणि मिस क्रॅडक यांनी ऐंशी ओलांडली होती. आमची मैत्री चहावरची. पुस्तकांबद्दल त्या फारसं बोलत नसत.

त्यांचं घर गावाबाहेर, एका वाडीच्या टोकाला. तिथे बस फक्त बाजाराच्या दिवशी जाते. दाराशी जुनी निळी गाडी होती म्हणून त्या तिथे राहू शकत होत्या. मे महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, गाडी सोडा आता.

"गाडी गेली तर मला गावात खोली घ्यावी लागेल," मिस क्रॅडक म्हणाल्या. "खाली कुणाचा तरी कुत्रा, वर कुणाचा तरी टीव्ही." चहा संपवून त्यांनी कप खाली ठेवला. "आपण माझा जुना फेरा मारू. तू शेजारी बस. वाटेत एकानं जरी तक्रार केली, तर गाडी विकते. नाही केली, तर तो डॉक्टर गेला खड्ड्यात."

मला अट रास्त वाटली. आम्ही निघालो.

बाजारचौकात गाडी वळवताना मागचा बंपर चीजवाल्या पेरीच्या टेबलाला लागला. चीजचा एक मोठा गोल घरंगळत फुलवाल्यापर्यंत गेला. पेरी धावत आला.

"सॉरी, सॉरी, मिस क्रॅडक! माझंच टेबल जरा पुढे आलंय."

पेरीचं टेबल त्याच्या आजोबांच्या वेळेपासून त्याच फरशीवर आहे.

"सांभाळून ठेवत जा रे," मिस क्रॅडक म्हणाल्या.

गाव संपलं. रस्ता अरुंद झाला, दोन्ही बाजूंना झुडपांचे उंच बांध. मेमध्ये ते पांढऱ्या मोहरानं भरून जातात. अशा रस्त्यावर समोरून गाडी आली की ज्याच्या मागे रुंद जागा जवळ असेल त्यानं मागे जायचं. जाताना दुसऱ्यानं स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. झाले आभार.

समोरून टपालाची लाल व्हॅन आली. मिस क्रॅडक यांनी ब्रेक दाबला तेव्हा तिच्या काचेवरची माशीसुद्धा मला दिसत होती. रुंद जागा आमच्या पाठीशीच होती. तरी पोस्टमन मागे मागे जात थेट ओढ्यापर्यंत गेला. आम्ही पुढे निघालो तेव्हा बोट त्यानंच उचललं.

"बघितलंस? किती सभ्य मुलगा," मिस क्रॅडक म्हणाल्या. "याची आई माझ्याकडून फक्त खुनाच्या गोष्टी न्यायची."

मी हसले नाही. सीटची कड धरून बसले होते.

चर्चच्या वळणावर घोडा होता. बाजूच्या गवतावर, रस्त्याच्या पूर्ण बाहेर. मी ओरडले. मिस क्रॅडक यांनी स्टिअरिंग फिरवलं. आमचा आरसा रिकिबीला घासून मोडला. घोडा मागच्या पायांवर उभा राहिला, मग खाली आला. वर फिलिपा होती, पशुवैद्यांची मुलगी. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"सॉरी!" ती म्हणाली. "खरंच सॉरी. आम्ही अगदी वाटेतच होतो."

ती घोड्याला चालवत निघून गेली. मिस क्रॅडक यांनी हँडब्रेक ओढला.

"बोल," त्या म्हणाल्या. "कुणी तक्रार केली?"



"मी करते," मी म्हणाले.

त्यांनी मोडक्या आरशाकडे पाहिलं.

"ती कुठे होती?"

"गवतावर."

"घोड्याचा रंग?"

"पांढरा."

"मला मोहर वाटला," मिस क्रॅडक म्हणाल्या. मग, "आणि पेरीचं टेबल?"

"जिथे असतं तिथेच होतं."

"टपालवाल्याचं काही सांगू नकोस. कळलं." त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "एवढ्या मोठ्या गावात वळण नसलेली माणसं किती? तू एकटी. तीही पदवीधर."

त्या उतरल्या. गाडीला हात लावत, वळसा घालून माझ्या दाराशी आल्या. "सरक पलीकडे."

परतीच्या वाटेवर मी गिअर फार करकरवते, एवढंच त्या दोनदा बोलल्या. घरी पोचल्यावर आत गेल्याच नाहीत.

"गॅरेजला फोन कर. म्हणावं, येऊन घेऊन जा."

"उद्या करू की. आज तुम्ही दमलात."

"उद्या नको. उद्या मला ती पोरगी खरंच वाटेत होती असं वाटायला लागेल."

मी अंगणातूनच फोन केला. गॅरेजवाला म्हणाला, तासाभरात येतो. मिस क्रॅडक यांनी डिकी उघडली होती. रबरी बूट, छत्री, गंजलेला टॉफीचा डबा, सगळं त्या एकेक करून अंगणाच्या बुटक्या भिंतीवर मांडत होत्या. मी मदतीला गेले. त्यांनी टॉफीचा डबा माझ्या हातात दिला आणि पुन्हा आत वाकल्या.