बारवेवरची बाई लिहिणारा माझा दादा

घनसावंगीच्या बाजारात मी कासारापुढं बसले होते. हात त्याच्या हातात, बांगडी अर्धी चढलेली. जालन्याच्या जिनिंगातला एक माणूस गर्दीतून मला शोधत आला आणि म्हणाला, "ताई, विसूभाऊ गेले." मी विचारलं, "कुठं गेले?" खरंच विचारलं. तो म्हणाला, "कापसाच्या गठाणीला टेकून बसल्ते. बोलता बोलता मान टाकली..." कासारानं माझा हात सोडला नाही, बांगडीही पुढं सरकवली नाही. मला हसू फुटलं. भर दुपारी, उन्हात, चार माणसांत? माझ्या दादाच्या कादंबऱ्यांत कुणी असं मरत नसे. तिथं आधी कुत्री रडायची, दिवा फडफडायचा, वाचणाऱ्याला सावरायला वेळ मिळायचा. आम्हाला तो मिळालाच नाही. महिना उलटून गेला, अजून मी त्या कासारापुढंच बसल्यासारखी आहे.

दादा जिनिंगात कारकून होता. तेव्हाच्या राजवटीमुळं शाळा सगळी उर्दूत झालेली, दिवसभर दफ्तरात उर्दूच लिहायचा. भुतं मात्र मराठीत. त्याच्या कादंबऱ्या पुण्याहून छापून येत आणि जालन्याच्या स्टेशनावर बघता बघता संपत. ज्यांना अक्षरओळख नव्हती ती माणसं वाचणाऱ्याला मधे बसवून ऐकत. हा एवढा भिववणारा माणूस स्वतः पालीला भ्यायचा. मी माहेरी आले की डाळ निवडत बसायची आणि तो समोर बसून नवं प्रकरण वाचायचा. डोळे कागदावर कमी, माझ्या हातांवर जास्त. हात थांबले की खूश होऊन म्हणायचा, "जमलं बघ, गोदे!"

'बारवेवरची बाई' ही त्याची सर्वांत खपलेली कादंबरी. जुन्या बारवेच्या पायऱ्यांवर राहणारी, तोंडावर पांढरे डाग असलेली एक हडळ. मी माहेरी असतानाच आष्टीकडचा एक कापसाचा व्यापारी मुद्दाम दादाला भेटायला आला. आनंदानं फुलून गेला होता. "साहेब, तुमची ती बाई आमच्याच गावात राहती की! सरूबाई. बिलकुल तसंच तोंड. आता तिला कुणी बारवेवर येऊ देईना. दिसली की दगडं मारून राह्यलेत लोक." दादाच्या हातातला चहा तसाच राहिला. व्यापारी गेल्यावर मला म्हणाला, "उद्या निघायचं. एकट्या बाईच्या घरी मी कसा उतरू? तू चल."

"मी न्हाई येत," मी म्हणाले. मी ती कादंबरी वाचली होती ना.

तरी शेवटी गेलेच. परतूरपर्यंत रेल्वे आणि पुढं बैलगाडी. गाडीत त्यानं सांगितलं. आदल्या वर्षी जिनिंगाच्या कामाला तिकडं गेला असताना ऊन लागून तो बारवेजवळ पडला होता. एका कोड आलेल्या बाईनं त्याला पाणी पाजलं, शुद्धीवर येईपर्यंत पदराची सावली धरून बसली. "डोळे उघडले तर तेच तोंड समोर," दादा म्हणाला. "तिनं मला वाचवलं गोदे, अन् मी घरी येऊन तिला हडळ केलं."

सरूबाईच्या कपाळाला चिंधी बांधलेली होती. नवरा मागंच वारलेला, मूलबाळ नाही. दादानं उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. तिला बराच वेळ नीट उमगेना. मग म्हणाली, "माझं हाय म्हंता तर वाचा की. मला बी कळू द्या." दादा वाचू लागला. ती हनुवटी गुडघ्यावर टेकून ऐकत होती. एका ठिकाणी दचकून तिनं माझाच हात धरला! मी तो सोडवून घेतला नाही. शेवट जवळ आला तसा दादा अडखळला आणि पुस्तक मिटून बसला.

"शेवटाला काय करत्यात तिचं?" तिनं विचारलं.

दादानं पुस्तक पिशवीत कोंबलं.

"सांगा की, भाऊ."

"गाव जमतं... झोपडी पेटवून देतं."

तिनं वर आपल्या छपराकडं पाहिलं. "मंग मला बी पेटवतील का?"

दादाचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी तो चावडीवर उभा राहिला. सगळं आपण रचलं, ही बाई आपला जीव वाचवणारी आहे, असं हात जोडून सांगितलं. पाटील शांतपणे म्हणाले, "तुम्ही बघितलं असंल म्हणून तर लिहिलं. छापलेलं खोटं कसं असंल?" गावानं माना डोलावल्या. त्याच्या लिखाणावर इतका विश्वास त्याला नको होता.

मग आम्ही काही दिवस तिथंच, सरूबाईकडं राहिलो. रोज सकाळी दादा सरूबाईची घागर खांद्यावर घेऊन तिच्याबरोबर बारवेत उतरायचा. बाप्ये हसायचे. मी पायरीवर बसून तिच्या हातची भाकरी खायची. एका सकाळी वरून दगड आला आणि दादाच्या कानाला लागला. रक्ताची धार सदऱ्यावर उतरली. तो पळाला नाही, ओरडलाही नाही, सरूबाईच्या आणि वरच्या लोकांच्या मधे जाऊन बसला. तेव्हा पाटलीणबाई पायऱ्या उतरून आल्या. पदर भिजवून त्यांनी त्याचा कान पुसला. ऊन चढलं होतं आणि सावली तेवढ्याच पायरीवर होती, म्हणून त्या सरूबाईशेजारी बसल्या. त्यानंतर दगड आला नाही. बायका आधी लांबून, मग जवळून बोलू लागल्या.

प्रकाशकाला मात्र दादा थांबवू शकला नाही. कादंबरी छापली जातच राहिली. पुढच्या कादंबऱ्यांत त्यानं हडळ आणली नाही. त्यांत एकटं सापडलेलं माणूस असायचं आणि अंगावर चालून येणारं गाव. वाचक तक्रार करायचे, पूर्वीसारखी मजा येत नाही म्हणून. दर भाऊबीजेला तो आधी सरूबाईकडं जायचा, मग माझ्याकडं.

तेरावं झाल्यावर तिला कुणी कळवलं नसणार हे माझ्या ध्यानात आलं आणि मी गेले. ती बारवेच्या पायऱ्यांवरच होती. भोवती बायका पाणी भरत होत्या. मला एकटीला पाहून म्हणाली, "भाऊ कुठं राहिला?" मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. तिनं भरलेली घागर हळूच पाण्यात रिती केली आणि पायरीवर पालथी घातली. "सुतक हाय मला," एवढंच म्हणाली आणि बसली. पाटलीणबाईंनी तिच्याकडं पाहिलं आणि आपलीही घागर पालथी घातली. मग त्यांच्या सुनेनं. मग एकेकीनं... सगळ्या पायऱ्यांवर पालथ्या घागरी आणि त्यांच्याशेजारी गप्प बसलेल्या बायका. तिथं मला पहिल्यांदा रडू आलं. त्या दुपारी बारवेवर कुणी पाणी भरलं नाही.