झाकलेली काच

सिरसाळ्याजवळच्या वस्तीत माझ्या थोरल्या बहिणीचं घर सगळ्यात उंच, म्हणून आमच्या प्रकल्पाचं यंत्र तिच्या गच्चीवर बसवलं. दाजी खालच्या वीटभट्टीवर मुकादम. भट्टी उघड्या माळावर, आणि उन्हाळा सरताना आमच्याकडे वीज माणसं शोधत फिरते. ती पडण्याआधी हवेत विजेचा ताण वाढतो. तो मोजायचा आणि भट्टीवरच्या माणसांना वेळेत आडोशाला पाठवायचं, एवढंच आमचं काम. वादळात आधी लाइट जाते, मागोमाग मोबाइलची रेंज. म्हणून निरोपाला लेसर.

लेसर समोरच्या डोंगरावर, इशाऱ्याच्या भोंग्याशेजारी. ताईच्या गच्चीवर मोजणारी डबी आणि मुठीएवढी काच. आलेला प्रकाश काच आल्या वाटेने परत धाडायची, आणि तिच्यावरचा पडदा उघडमीट करून त्या प्रकाशात मोजमाप भरायचा. टॉर्चसमोर तळहात हलवावा, तसं. प्रकल्पाच्या आमच्या सरांनी ताईला काचेत पाहायला लावलं.

"अगं बया, कुठूनबी पाह्यलं तरी मधी माझाच डोळा!" ती हसली.

"लाखमोलाची आहे ताई, जपा," सर म्हणाले.

परळीच्या वीजकेंद्राची राख रोज काचेवर बसायची, ताई रोज पुसायची. दाजी चिडवायचे, "माझ्याकडं एवढं बघितलं असतंस तर मीबी चमकलो असतो."

धुळीने प्रकाश अधूनमधून तुटायचा. तेवढ्यावर भोंगा वाजला की मजूर काम टाकून पळायचे आणि मग आम्हाला शिव्या घालायचे. म्हणून प्रकाश तुटला तर भोंग्याने गप्प बसायचं, असं सरांनी ठरवलं. तेव्हा ते सगळ्यांना शहाणपणाचंच वाटलं.

त्या दुपारी मी परळीत होतो. फोन आला, दाजी गेले. पावसाचा थेंब पडायच्या आधीच भट्टीवर वीज पडली होती. भोंगा वाजलाच नाही.

माती झाल्यावर मी गच्चीवर चढलो. काचेवर दाजींचा जुना टॉवेल, दुहेरी करून सुतळीने आवळून बांधलेला. वीज कडाडायला लागली की आमच्या घरात आरशावर फडकं टाकतात. आरसा वीज ओढतो म्हणतात. लहानपणी मीही टाकलंय. एवढे नकाशे, एवढ्या बैठका, चहाचे एवढे कप, आणि हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. संताप आला, पण काढायचा कुणावर?

टॉवेल सोडून पिशवीत कोंबला. खाली ताई भिंतीला टेकून बसली होती.

"काच शाबूत हाय ना? ढग गडगडला तशी पळत जाऊन झाकली मी."

"हाय."

"मग भोंगा कावून वाजला न्हाई?"

"बिघडला हुता," मी म्हणालो.



"तुमचं डोंगरावरचं तुमी नीट ठेवलं न्हाई," ती म्हणाली. "मी माझी काच लई जपली."